पहिल्यांदा मासे खाणार असाल तर मालवणी ताटाला सुरुवात कुठून करायची

थंडी पडली की घाटावरची, मराठवाड्या-विदर्भातली मंडळी गाड्या काढून मालवण-तारकर्ली-वेंगुर्ल्याकडे निघतात, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा तरी असतोच ज्यानं मटण-चिकन भरपूर खाल्लंय पण मासा कधी तोंडात घातलेला नाही, किंवा घर शाकाहारी असल्यामुळे आत्ता कुठे अंडी-चिकनला सुरुवात केलीय. सगळे म्हणतात अरे खा रे, इथे येऊन मासे नाही खाल्लेस तर काय केलंस, आणि मग त्याच्यासमोर काट्यांनी भरलेला मासा नाहीतर डोळ्यांतून पाणी काढणारं तिखलं ठेवतात, तो दोन घास कसेबसे गिळतो आणि पुढची सगळी ट्रिप डाळ-भात मागवतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. त्याला मासे आवडत नाहीत असं म्हणताच येत नाही, कारण त्याला सुरुवातच चुकीच्या माशापासून करायला लावलेली असते. कोकणातल्या घरात लहान पोराला कोणी एकदम बारीक काट्यांची कर्ली देत नाही, आधी आई सुरमई नाहीतर पापलेटचा गर काटे काढून भातात कुस्करून भरवते, मग हळूहळू बांगड्याची पाठ देते, मग पोरगं स्वतः काटे काढायला शिकतं, आणि याला वर्षं जातात. मोठेपणी सुरुवात करणाऱ्याला एवढा वेळ लागणार नाही पण क्रम तोच ठेवावा, आणि तोच मी इथे नीट सांगतोय.

त्याआधी एक. ज्याला खायचंच नाहीये त्याला आग्रह करू नका. मालवणी शाकाहारी जेवण पण फार सुंदर असतं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि गरम वडे, सीझन असेल तर ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी. फक्त पक्का शाकाहारी माणूस बरोबर असेल तर वडे कुठल्या तेलात तळतात, मासे तळलेल्या तेलात की वेगळ्या, हे आधीच विचारून घ्या.

1. महिना, वार आणि वेळ बघा

पावसाळ्यात पहिला प्रयोग करू नका. 1 जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी सुरू होते, माशांचा प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, ती बंदी ऑगस्टात उठते, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि मग बोटी जोरात सुरू होतात. बंदीच्या दिवसांत हॉटेलात जी मोठी सुरमई किंवा पापलेट दिसतं ते बहुतेक बर्फातलं, कोल्ड स्टोरेजचं असतं. ते खराबच असतं असं नाही, पण पहिल्यांदा खाणाऱ्याला ताज्या माशाची चव कळायला हवी, कारण ताज्या माशाला घाण वास नसतो, आणि नव्या माणसाची सगळी भीती त्या वासाचीच असते. ऑक्टोबर ते मार्च हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ.

वार बघा म्हणजे सोमवार, संकष्टी, एकादशी अशा दिवशी बऱ्याच घरगुती खानावळींत मासे करत नाहीत किंवा अगदी कमी करतात. आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं. आणि जेवायला दुपारी जा, साडेबारा-एकपर्यंत पोचा. दुपारी सगळं ताजं शिजलेलं असतं, अडीचला गेलात तर चांगल्या तुकड्या संपलेल्या असतात.

2. जागा निवडा आणि एकच प्रश्न विचारा

मोठ्या पाटीच्या हॉटेलपेक्षा छोटी खानावळ किंवा होमस्टे, जिथे बाजारातले दुकानदार, बँकेतले लोक, रिक्षावाले जेवायला येतात, ती जागा नवख्यासाठी जास्त चांगली. तिथे मेन्यूकार्ड वाचत बसायचं नाही, सरळ विचारायचं, "काकू, आज ताजं काय आलंय?" आणि जे उत्तर येईल त्याप्रमाणे आपला बेत बदलायचा. घरून पापलेट खायचं ठरवून निघालात आणि काकू म्हणाल्या की आज हलवा छान मिळालाय तर हलवा घ्या, यात हट्ट करून काही मिळत नाही. कार्डावर पंधरा-वीस प्रकारचे मासे बाराही महिने आहेत असं दिसलं की समजायचं, सगळं फ्रीझरमधून येतं.

दर आधी विचारा, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. माशाचे भाव रोज बदलतात म्हणून खूप ठिकाणी कार्डावर आकडा नसतोच, आणि पापलेट किंवा शेवंडीचं (लॉबस्टरचं) बिल बघून माणसाचं जेवणाचं सुख जातं. साधारण बांगडा थाळी स्वस्त, सुरमई त्याच्या वर आणि पापलेट सगळ्यात वर असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसेल.

शक्य असेल तर कच्चा मासा दाखवायला सांगा, चांगल्या ठिकाणी आनंदानं दाखवतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले आणि पांढुरके नकोत. कल्ला उचलून बघितला तर आत लालभडक पाहिजे, तपकिरी झाला असेल तर शिळा. बोटानं दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. वास समुद्राच्या पाण्यासारखा असतो, नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर तिथून उठा.

हे बांगडा, पेडवे (तारलीसारखे छोटे मासे), सुरमई, कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत तर नक्कीच बघा. हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही तळलं-शिजवलं तरी जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्या वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, तोंड चुरचुरतं, कधी डोकं दुखतं. लोक म्हणतात मला बांगड्याची ॲलर्जी आहे, आणि कितीतरी वेळा ती ॲलर्जी नसते, मासा नीट ठेवलेला नसतो.

3. पहिला मासा: सुरमईची तुकडी, रवा फ्राय

माझं ठाम मत आहे, पहिला मासा सुरमईच. मालवण-गोव्याकडे तिला इसवण म्हणतात. मोठा मासा असल्यामुळे आडव्या गोल तुकड्या पडतात, मधे एक जाड काटा आणि पोटाच्या बाजूला थोडेसे मोठे काटे, तेही डोळ्यांना दिसतात. मांस घट्ट, थरांनी सुटणारं, त्यामुळे चिकन खाणाऱ्याला ते परकं वाटत नाही. सुरमई नसेल तर हलवा घ्या, तोही घट्ट आणि चवीला गोडसर. पापलेट, म्हणजे सिंधुदुर्गातला सरंगा, 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला आणि काटे कमी म्हणून सगळे नवख्याला तेच सुचवतात, सुचवण्यात काही गैर नाही, पण ते मऊ आणि नाजूक असतं, महाग असतं, आणि एवढे पैसे दिल्यावर आवडलंच पाहिजे असं दडपण येतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या जेवणासाठी ठेवा.

मसाला फ्राय नको, रवा फ्राय सांगा. बाहेरचा कुरकुरीत रवा पहिल्या घासाला मदत करतो, आत मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ (घट्ट रस) किंवा लिंबू एवढंच असतं म्हणून माशाची स्वतःची चव कळते. तवा फ्राय आणि डीप फ्राय असा पर्याय असेल तर तव्यावरचं घ्या.

कोळंबीला काटेच नाहीत मग तिथून सुरुवात का नको, असं बरेच जण विचारतात. दोन कारणं. एक म्हणजे जास्त शिजली की ती रबरासारखी होते आणि नवख्याला वाटतं ती अशीच असते. दुसरं ॲलर्जीचं, ते पुढे लिहितो.

बोंबील पण पहिला नको, कितीही कुरकुरीत दिसला तरी. बोंबलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तळायच्या आधी वजनाखाली दाबून ठेवतात, आणि तरी आतून तो इतका मऊ राहतो की पहिल्यांदा खाणारा दचकतो. ज्याला माशांची सवय झालीय त्याला तोच मऊपणा वेड लावतो.

4. ताट आलं की काय आधी खायचं

साधारण थाळीत तळलेली तुकडी, कालवणाची वाटी, एखादं सुकं (रस न ठेवता परतलेलं), तांदळाची भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी असते, गोव्यात जेवत असाल तर कालवणाला हुमण म्हणतील. भात कधी कधी उकड्या तांदळाचा असतो, जाड, लालसर, त्याला वेगळा वास असतो, तो आवडत नसेल तर साधा भात मागा, देतात.

सगळ्यात आधी तळलेल्या तुकडीचा मधला, जाड भाग, नुसता. भाकरी नाही, कालवण नाही, फक्त तो एक घास. हातानं खा. काटा-चमच्यानं मासे खाणं नवख्याला धोक्याचं, कारण काटा बोटांना आधी कळतो आणि मग जिभेला, चमच्याला काहीच कळत नाही. त्यानंतर सोलकढीचा एक घोट घ्या. ती गुलाबी दिसते म्हणून काही जणांना मिल्कशेक वाटतो, आणि माशावर दूध कसं चालतं असाही प्रश्न पडतो, तर त्यात गाईम्हशीचं दूध अजिबात नसतं, नारळाचं दूध, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, कोथिंबीर. तिखट आणि तेलकट खाल्ल्यावर तोंड स्वच्छ करायला तिच्यासारखं काही नाही. मात्र लसणीची चव पहिल्यांदा जोरात लागते, म्हणून एकदम ग्लास रिकामा करू नका, जेवता जेवता घोट घोट प्या.

मग भाकरी सुक्याबरोबर, आणि शेवटी भातावर कालवण. कालवण आधी थोडंच घ्या आणि वाटीतला माशाचा तुकडा बाजूला काढून ठेवा, नुसता रस भातात कालवून खा. ओलं खोबरं, मिरची, धणे वाटून केलेलं ते कालवण इतकं चांगलं असतं की बऱ्याच जणांना तळलेल्या माशापेक्षा हेच जास्त आवडतं, पण कालवणातला शिजलेला मासा तळलेल्यापेक्षा मऊ लागतो आणि त्याचा वासही जास्त कळतो, म्हणून त्याच्याकडे शेवटी जा.

वाटीत काळपट मऊ साल सापडली तर ते कोकम, आंबटपणासाठी टाकलेलं, खायची सक्ती नाही. आणि हिरवट-तपकिरी, उघडलेल्या बोंडासारखं काही दिसलं तर ते तिरफळ, ते चावू नका. चुकून चावलं गेलं तर जीभ थोडा वेळ बधिर होते, मुंग्या येतात, घाबरायचं काही नाही, सोलकढी प्या आणि थांबा. बांगड्याच्या आणि पेडव्यांच्या कालवणात तिरफळ हमखास असतं कारण या तेलकट माशांचा उग्रपणा त्यानं मोडतो, आणि त्या वासाची एकदा सवय झाली की तिरफळाशिवाय बांगडा अपुरा वाटायला लागतो.

5. काटे काढायला शिका, बांगड्यावर

सुरमई जमली आणि आवडली की दुसऱ्या दिवशी बांगडा घ्या, तळलेला, अख्खा. माझ्या दृष्टीनं खरा मासे खाणारा इथे तयार होतो. बांगडा स्वस्त आहे, चवीला भरपूर आहे आणि त्याचे काटे शिस्तीत असतात, एकदा रचना कळली की सोपं.

मासा ताटात आडवा ठेवा. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक रेघ दिसते, तिथे अंगठ्यानं हलकं दाबून फट पाडा. वरचा, पाठीकडचा पट्टा उचलला की सगळा सुटून येतो, त्यात काटे फार कमी, ते आधी खा. मग खालचा पोटाकडचा पट्टा, तिथे फासळ्यांसारखे बारीक काटे असतात, तो लहान लहान करून, बोटांत चाचपून खायचा. आता मधला कणा उघडा पडला असेल, शेपटीकडून धरून तो वर उचला, अख्खा कणा निघतो आणि खालची बाजू तशीच स्वच्छ मिळते. मासा उलटा करायची गरजच नाही.

घास लहान घ्या, बोलत खाऊ नका, मोबाईल बाजूला ठेवा. भातात कालवून खायचा असेल तर आधी गर वेगळा काढून तपासा आणि मगच कालवा. लहान मुलांना भरवताना तर हे दोनदा करा.

तरीही घशात काही टोचल्यासारखं झालं तर? कोणीतरी लगेच म्हणेल सुक्या भाताचा गोळा गिळ, नाहीतर केळं खा. हा उपाय घरोघरी करतात पण डॉक्टर तो करू नका म्हणतात, कारण काटा गोळ्याबरोबर अजून खोल रुतू शकतो. खाणं थांबवा, हळू खोकून बघा, पाणी प्या. बऱ्याच वेळा काटा निघून गेलेला असतो आणि फक्त ओरखडा जाणवत असतो. पण टोचणं तसंच राहिलं, गिळताना दुखलं, लाळ गिळता येईना किंवा रक्त दिसलं तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, बोटं घालून काढायचा प्रयत्न करू नका.

6. कवचवाले: कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या

इथे ॲलर्जीचं नीट वाचा. कोळंबी, खेकडे, शेवंड यांची ॲलर्जी आणि माशांची ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत, सुरमई पचली म्हणजे कोळंबी पचेलच असं नाही. ज्यांना धुळीची, त्यातल्या बारीक किड्यांची ॲलर्जी आहे त्यांनी जास्त सावध राहावं, कारण तशाच प्रकारचं एक प्रोटीन कोळंबीतही असतं. म्हणून पहिल्या वेळी एकच प्रकार घ्या, एक-दोन कोळंब्या खाऊन थांबा. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, श्वासाला त्रास, यातलं काही झालं तर ताबडतोब हॉस्पिटल. ते सी-फूड प्लॅटर नावाचं मोठं ताट, ज्यात सगळं एकत्र येतं, ते नवख्यानं मागवूच नये. त्रास झाला तर कशानं झाला ते कळत नाही आणि सगळं एकाच मसाल्यात तळलेलं असल्यानं चवीतला फरक पण समजत नाही.

तिसऱ्या (मालवणात शिवल्या) मला नवख्यांसाठी फार आवडतात, खोबऱ्याचं सुकं किंवा एकशिपी, ज्यात एकाच शिंपल्याला मांस चिकटलेलं ठेवतात. शिंपला हातात घेऊन थेट ओठांनी मांस ओढून घ्यायचं, मसाला पण बरोबर येतो. वालुकामय किनाऱ्यातून येतात म्हणून कधी रेती दाताखाली येते, नीट धुतल्या असतील तर नाही येत. घरी करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की कच्च्या तिसऱ्यांची तोंडं मिटलेली हवीत, आणि शिजल्यावरही जी उघडली नाही ती फेकून द्या.

खेकडा म्हणजे कुर्ल्या, याला वेळ लागतो, घाईच्या दिवशी घेऊ नका. आधी नांग्या तोडा, दातानं फोडण्यापेक्षा छोटा खलबत्ता मागा, बहुतेक ठिकाणी असतो. मग मधलं अंग दोन भागांत मोडा, आतल्या करड्या, पिसांसारख्या गोष्टी म्हणजे त्याचे कल्ले, ते काढून टाका आणि खोबणीतलं पांढरं मांस काडीनं किंवा खेकड्याच्याच पायाच्या टोकानं काढून खा. बारीक पाय चोखत बसू नका, घरोघरी ते वाटून त्यांचा रस गाळून कालवणात घातलेला असतो, म्हणूनच त्या कालवणाला ती चव येते. विकत घेताना हाताला जड लागणारा खेकडा घ्या, मासेवाल्या मावशी तुम्हाला अमावास्येला खेकडे भरलेले असतात हेही सांगतील.

7. शेवटी तिखलं, कर्ली आणि सुकी मासळी

तिखलं म्हणजे खोबरं नसलेलं, घट्ट, मिरची-कोकम-तिरफळाचं, बांगड्याचं किंवा पेडव्यांचं. हे भाकरीबरोबर अगदी थोडं थोडं खायचं. कर्ली चवीला फार छान पण बारीक काट्यांनी भरलेली, तिच्याकडे सगळ्यात शेवटी जा.

सुकी मासळी ही वेगळीच दुनिया आहे आणि खरं सांगतो, वासामुळे निम्मे लोक तिच्या जवळ जात नाहीत, पण भाजल्यावर तो वास बदलतो. परतीच्या वाटेवर मालवण किंवा सावंतवाडीच्या बाजारातून थोडा जवळा (वाळवलेली अगदी बारीक कोळंबी) घ्या, पावकिलो पुरे. मे महिन्यात गेलात तर सगळी घरं आगोटीची खरेदी करत असतात, पावसाळ्याची बेगमी, तेव्हा सुकी मासळी चांगली आणि भरपूर मिळते. कडकडीत वाळलेलं घ्या, हाताला ओलसर किंवा चिकट लागलं तर सोडा. गाडीत दोन पिशव्यांत घट्ट बांधून डिकीत ठेवा, घरी आल्यावर एक ऊन दाखवा आणि हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा.

चटणी सोपी आहे. जवळा चाळणीत घालून हलवा म्हणजे रेती-कचरा खाली पडतो, मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजारी शाकाहारी असतील तर आधी सांगून ठेवा. दुसऱ्या कढईत तेलावर भरपूर कांदा, ठेचलेली लसूण, मालवणी मसाला, दोन-तीन कोकमं घालून परता, त्यात भाजलेला जवळा आणि मूठभर ओलं खोबरं घाला, मीठ शेवटी आणि चव बघूनच, कारण जवळा मुळात खारट असतो. गरम तांदळाची भाकरी हवी, ती येत नसेल तर ज्वारीची पण चालते.